हाडे बोटांनी वाचताना

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाईंनी टेबलावरच्या ट्रेमधून एक लांब, सडपातळ, काठीसारखे हाड उचलून माझ्या हातात दिले. ते फिब्युला, म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे हाड, आहे हे मी पाहताक्षणी ओळखले. खालच्या टोकावरचा त्रिकोणी, गुळगुळीत पृष्ठभाग आतल्या बाजूला आणि त्याच्या मागचा खळगा पाठीमागे येईल असे ते धरून मी ते उजव्या पायाचे असल्याचे सांगितले आणि त्याला चिकटणाऱ्या स्नायूंची नावेही घडाघडा म्हणून दाखवली. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, “छान. आता हाड खाली ठेव आणि याची मान तुझ्या स्वतःच्या पायावर दाखव.” मी पोटरीच्या बाहेरच्या अंगाला कुठेतरी बोट टेकवले. ते खऱ्या जागेच्या चांगले चार बोटे खाली होते. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझेच बोट धरून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली आणि मागे असलेल्या एका गोल गाठीवर ठेवले, तिथून किंचित खाली सरकवले आणि विचारले, “इथे बोट आडवं फिरव. दोरीसारखं काही निसटतंय का?” खरोखरच निसटत होते, आणि बोट जरा जोरात दाबले तेव्हा पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत बारीक मुंग्या गेल्या.

आज मी स्वतः विद्यार्थ्यांना हाडे शिकवते, आणि त्या दोरीची आठवण झाल्याशिवाय माझा एकही तास सुरू होत नाही. ट्रेमधले वाळलेले हाड आणि त्वचेखालचे जिवंत हाड यांच्यात मोठे अंतर असते, ते पाठांतराने भरून निघत नाही. ते बोटांनीच भरून काढावे लागते. हातापायांच्या हाडांविषयी मला जे सांगावेसे वाटते ते एवढ्याचसाठी, की या हाडांवरच्या बहुतेक खुणा आपल्या प्रत्येकाच्या अंगावर, कोणत्याही उपकरणाशिवाय, या क्षणी सापडू शकतात आणि त्यांतली प्रत्येक खूण काहीतरी सांगत असते.

प्रौढ माणसाच्या शरीरातल्या २०६ हाडांपैकी १२६ हाडे हातपाय आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या मेखला यांचीच असतात. प्रत्येक हातात ३० आणि प्रत्येक पायात ३०, खांद्याच्या मेखलेत ४ आणि कटीच्या मेखलेत २, असा तो हिशेब आहे. मेखला म्हणजे कमरपट्टा. खालच्या मेखलेला हे नाव अगदी शोभते, कारण दोन्ही बाजूंची नितंबास्थी पुढे एकमेकांना आणि मागे त्रिकास्थीला, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाला, घट्ट जोडलेली असतात आणि एक संपूर्ण कडे तयार होते. वरच्या मेखलेला मात्र पट्टा म्हणणे थोडे उदारपणाचेच आहे, कारण ती मागच्या बाजूने उघडी असते. दोन्ही स्कॅप्युला, म्हणजे खांद्याची पाती, एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि पाठीच्या कण्यालाही जोडलेल्या नसतात. हात आणि पाय यांच्यातला सगळा फरक मला या एका गोष्टीत दिसतो: पायाला वजन पेलायचे आहे म्हणून त्याची मेखला बंद आहे, हाताला दूरवर पोहोचायचे आहे म्हणून त्याची मेखला सैल ठेवलेली आहे.

हाड वाचायला लागण्यापूर्वी त्याची लिपी थोडी समजून घ्यावी लागते. जिथे उंचवटा किंवा खरखरीत कड दिसते तिथे बहुधा एखादा स्नायू किंवा हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध ओढ देत असतो, जिथे पन्हळ असते तिथून स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, मज्जातंतू किंवा रक्तवाहिनी जात असते, आणि जो भाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत लागतो तो सांध्याचा असतो. हाडाच्या मध्यावर तिरपे जाणारे बारीक छिद्र हे हाडाचे पोषण करणाऱ्या रक्तवाहिनीचे दार असते. हातात ही छिद्रे कोपराच्या दिशेने झुकलेली असतात आणि पायात गुडघ्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने, कारण लांब हाडाची वाढ ज्या टोकाकडे जास्त होते त्याच्या विरुद्ध टोकाकडे छिद्राचा रोख राहतो. म्हणजे हाताची लांबी मुख्यतः खांदा आणि मनगट यांच्याकडून वाढते, पायाची मुख्यतः गुडघ्याकडून. एका बारीक छिद्रात मुलाच्या वाढीचा हा इतिहास साठवलेला पाहून मला पहिल्यांदा फार आश्चर्य वाटले होते, आणि ते अजून ओसरलेले नाही.

क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याच्या पायथ्याशी दिसणारे हासळीचे हाड, शिकवायला मी नेहमी आधी घेते, कारण ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्वचेखालीच असते आणि नवख्या बोटांना लगेच यश मिळते. छातीच्या मधोमध, गळ्याच्या खळगीच्या दोन्ही बाजूंना त्याची जाड आतली टोके लागतात. तिथून बोट बाहेर नेत गेले तर हाड आधी पुढे फुगीर आणि मग शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात मागे वळलेले कळते. हे वळण जिथे बदलते, साधारण मधला आणि बाहेरचा हिस्सा जुळतो तिथे, हे हाड सर्वांत जास्त वेळा मोडते. संपूर्ण हाताचा धडाच्या सांगाड्याशी हाडाने जोडलेला सांधा एकच, तो म्हणजे क्लॅव्हिकल आणि छातीच्या मधोमध असलेली उरोस्थी यांच्यामधला. त्यामुळे पडताना हातावर किंवा खांद्यावर आलेला धक्का धडाकडे जाताना या एका हाडातूनच जातो. गर्भात हाड बनायला सर्वांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, सुरुवात होते ती याच हाडाची, आणि याचे आतले टोक पूर्ण जुळायला मात्र विशी उलटून जावी लागते.

स्कॅप्युला हे त्याच्या अगदी उलट स्वभावाचे हाड आहे. दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर ते स्नायूंच्या गादीत तरंगत असते. पाठीवर हात फिरवला तर त्याची आडवी कणी, म्हणजे उठून आलेली कड, लागते, जिचे आतले मूळ तिसऱ्या वक्षीय मणक्याच्या पातळीला असते, आणि हात बाजूला सोडून उभे राहिल्यास खालचा कोपरा सातव्या मणक्याच्या पातळीला येतो. मणके मोजताना या दोन खुणांचा मला रोज उपयोग होतो. त्या कणीवरून बोट बाहेर नेले की खांद्याच्या माथ्यावरचे सपाट, रुंद टोक लागते, ते अ‍ॅक्रोमियन. हाताची लांबी मोजायची पट्टी तिथूनच लावतात. विद्यार्थ्यांची खरी परीक्षा होते ती कोरॅकॉइडपाशी. कावळ्याच्या चोचीवरून नाव मिळालेला हा आकडा क्लॅव्हिकलच्या बाहेरच्या भागाखाली, खांद्याच्या पुढच्या खळगीत, डेल्टॉइड स्नायूच्या कडेआड दडलेला असतो. क्लॅव्हिकलच्या खाली दोन-अडीच सेंटिमीटर उतरून बोट मागे आणि बाहेर दाबावे लागते, आणि सापडले की समोरचा माणूस हमखास “आई गं” म्हणतो, कारण तिथे निरोगी माणसालाही दाबल्यावर दुखते. खांदा दुखणाऱ्या माणसाला तिथे दुखले म्हणून तिथेच आजार आहे असे ठरवण्याची घाई करू नये, आधी दुसऱ्या बाजूचा कोरॅकॉइड तेवढ्याच जोराने दाबून पाहावा, हे मी प्रत्येक तुकडीला पुन्हापुन्हा सांगते.

हात डोक्यावर नेताना जो साधारण १८० अंशांचा प्रवास होतो, त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या मुख्य सांध्यातून आणि ६० अंश स्कॅप्युलाच्या फिरण्यातून मिळतात. एखाद्याच्या स्कॅप्युलाच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून त्याला हात हळूहळू वर न्यायला सांगितले, तर तो कोपरा बाहेरच्या आणि पुढच्या दिशेने सरकताना अंगठ्याला स्पष्ट कळतो. गोठलेल्या खांद्यात मुख्य सांधा हलत नाही, म्हणून स्कॅप्युला फार लवकर आणि फार जास्त सरकते. माणूस म्हणतो की हात निम्मा तरी वर जातो, आणि अंगठा सांगतो की ते सगळे उसने काम आहे.

दंडातले हाड, ह्यूमरस, मला तीन मज्जातंतूंच्या गोष्टीसारखे वाटते. वरच्या टोकाच्या गोल डोक्याखाली एक शास्त्रापुरती मान आहे आणि तिच्या खाली दुसरी, जिथे हाड प्रत्यक्षात मोडते. या दुसरीला सर्जिकल नेक म्हणतात आणि तिला वळसा घालून अ‍ॅक्सिलरी मज्जातंतू डेल्टॉइडकडे जातो. हाडाच्या मध्यावर, मागच्या बाजूने तिरपी उतरणारी उथळ पन्हळ आहे, त्या पन्हळीत रेडियल मज्जातंतू हाडाला जवळजवळ चिकटून जातो. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून एखादा माणूस गाढ झोपला आणि उठल्यावर त्याला मनगट वर उचलताच आले नाही, तर तो मज्जातंतू याच ठिकाणी तासन्‌तास चेपला गेलेला असतो. तिसरा मज्जातंतू अल्नर. कोपराच्या आतल्या बाजूचा जो टोकदार उंचवटा आहे, त्याच्या बरोबर मागे तो त्वचेखाली उघडाच असतो. टेबलाच्या कडेवर कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत वीज चमकून जाते, ती हाडातून निघत नाही, या मज्जातंतूतून निघते. खांद्याजवळ, दंडाच्या मध्यावर आणि कोपरापाशी, अशा तीन पातळ्यांवर एकाच हाडाच्या तीन खुणा तीन वेगवेगळे मज्जातंतू सांभाळतात, आणि हाड कोणत्या पातळीला मोडले हे कळले की हाताची कोणती हालचाल आधी तपासायची हे आपोआप ठरते.

कोपरापाशी थोडे थांबण्यासारखे आहे. कोपराच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे आणि मागचे टोक, ज्यावर आपण टेबलावर रेलतो, या तीन जागांवर अंगठा, तर्जनी आणि मधले बोट ठेवावे. हात सरळ असताना तिन्ही बोटे एका रेषेत येतात. कोपर काटकोनात वाकवले की मागचे टोक खाली उतरते आणि तीन बोटांचा समद्विभुज त्रिकोण होतो. मूल पडल्यावर कोपर सुजले असेल तर या त्रिकोणाला फार मोल येते: हाड कोपराच्या वर मोडले असेल तर तिन्ही खुणा मिळून एकत्र सरकतात आणि त्रिकोण शाबूत राहतो, सांधा निखळला असेल तर त्रिकोण बिघडतो. अर्थात एक्स-रे काढावाच लागतो, पण काय पाहायचे आहे हे माहीत असलेल्या माणसाने काढलेला एक्स-रे वेगळा असतो असे माझे मत आहे. याच ठिकाणी, हात सरळ केल्यावर कोपराच्या मागे बाहेरच्या बाजूला एक लहान खळी पडते. तिच्यात अंगठा ठेवून तळहात वर-खाली फिरवला की रेडियसचे, म्हणजे कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या हाडाचे, गोल डोके अंगठ्याखाली किल्लीसारखे फिरताना जाणवते. माझ्या तासात सर्वांत जास्त आनंदाचे आवाज उमटतात ते या क्षणी.

मनगटाशी रेडियस आणि करंगळीकडची अल्ना या दोघांची टोके दोन बाजूंना लागतात, आणि अंगठ्याकडचे, म्हणजे रेडियसचे, टोक सुमारे एक सेंटिमीटर खाली असते. ही सेंटिमीटरभर उतरण फार बोलकी आहे. पसरलेल्या हातावर पडल्यावर रेडियसचे खालचे टोक मोडून मागे आणि वर सरकते, तेव्हा ही उतरण नाहीशी होते आणि दोन्ही टोके एका पातळीला येतात. अब्राहम कोल्स या डब्लिनच्या शल्यचिकित्सकाने या मोडीचे वर्णन १८१४ साली केले. एक्स-रे शोधणाऱ्या राँटगेनने आपल्या पत्नीच्या हाताची हाडे छायाचित्रात उमटवली ती १८९५ च्या डिसेंबरात, म्हणजे त्यानंतर ८१ वर्षांनी. कोल्सच्या आधी हे दुखणे मनगट निखळल्याचे समजले जात असे. हाड दिसण्याची कुठलीही सोय नसताना नेमके कोणते हाड कुठे मोडले आहे हे ओळखणाऱ्या माणसाविषयी मला नितांत आदर वाटतो.

मनगटाचा दुसरा धडा मला माझ्याच हाताने शिकवला. ओल्या जिन्यावरून पाय घसरून मी उजव्या तळहातावर पडले. मनगट थोडेसे सुजले, वेडेवाकडे काही झाले नव्हते, आणि एक्स-रेमध्येही सगळे स्वच्छ दिसत होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला अंगठा ताणून वर उचलायला सांगितला. असे केले की अंगठ्याच्या मुळाशी, दोन ताणलेल्या कंडरांच्या मध्ये, एक त्रिकोणी खळगा तयार होतो. त्याला तपकिरीची डबी म्हणतात, कारण चिमूटभर तपकीर तिथे ठेवून ओढली जात असे. त्या खळग्याच्या तळाशी नावेच्या आकाराचे स्कॅफॉइड हे हाड आहे आणि त्यावरून रेडियल रोहिणी जाते. डॉक्टरांनी तिथे बोटाचे टोक टेकवले मात्र, मी हात झटकन मागे घेतला. “एक्स-रे काही म्हणू दे, हे हाड दुखतंय,” असे म्हणून त्यांनी प्लास्टर घातले. दोन आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये स्कॅफॉइडच्या कमरेवर केसासारखी रेघ उमटली होती. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळते आणि ते उलट्या दिशेने मनगटाकडच्या टोकाकडे जाते. मध्ये मोड झाली की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते, आणि दुर्लक्ष झाल्यास तो तुकडा मृत होऊ शकतो. माझे हाड दहा आठवड्यांत जुळले. ते जुळले याचे श्रेय मी त्या खळग्यात टेकलेल्या एका बोटाला देते.

मनगटातली बाकीची सात हाडे मी इथे ओळीने सांगत बसत नाही. एवढे मात्र करून पाहावे, की करंगळीच्या रेषेत, मनगटाच्या सुरकुतीवर तळहाताच्या बाजूला एक वाटाण्याएवढे हाड लागते, ते पिसिफॉर्म. मनगट सैल सोडले की ते बोटाखाली थोडे इकडेतिकडे हलते, कारण ते एका कंडरेतच बसवलेले आहे. मूठ वळल्यावर दिसणारे उंचवटे बोटांचे नसून तळहाताच्या हाडांची डोकी असतात, हेही अनेकांना नव्याने कळते. बोटे आपल्याला वाटतात त्याहून वर, तळहाताच्या आत सुरू होतात.

कटीच्या मेखलेकडे वळताना माझा सूर थोडा बदलतो, कारण इथे शब्दांचाच घोटाळा फार आहे. “खुबा दुखतो” म्हणून येणाऱ्या माणसाला कुठे ते दाखवायला सांगितले तर कोणी कमरेच्या कडेवर हात ठेवतो, कोणी नितंबावर, कोणी मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर. खुब्याचा खरा सांधा यांपैकी कुठेच नसतो. तो जांघेत, खोलवर असतो. पोटाच्या खालच्या बाजूला कमरेच्या हाडाचे जे पुढचे टोक लागते ते आणि मधला जघनसंधी, म्हणजे दोन्ही नितंबास्थी पुढे जुळतात ती जागा, यांच्या बरोबर मध्यावर बोट ठेवले तर मांडीच्या रोहिणीचे ठोके लागतात, आणि त्या ठोक्यांच्या मागे फीमरचे, म्हणजे मांडीच्या हाडाचे, डोके असते. सांध्याचे दुखणे बहुधा तिथेच जाणवते. माणसाचे बोट कुठे जाते हे पाहूनच निम्मे निदान होते, म्हणून मी त्याला नाव विचारत नाही, जागा दाखवायला सांगते.

नितंबास्थी हे मुळात तीन हाडांचे एक हाड आहे: इलियम, इस्कियम आणि प्यूबिस. लहानपणी ही तिन्ही खुब्याच्या वाटीत इंग्रजी वाय अक्षरासारख्या कूर्चेने जोडलेली असतात आणि किशोरवयात एकजीव होतात. इलियमची वरची कड, जिच्यावर आपण कमरेवर हात ठेवून उभे राहतो, तिच्या दोन्ही बाजूंचे सर्वांत उंच बिंदू जोडले तर रेषा चौथ्या कटिमणक्यावरून जाते. प्रौढ माणसात मेरुरज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशीच संपलेला असतो, म्हणून कमरेतून पाणी काढताना सुई घालण्याची सुरक्षित जागा या रेषेवरून ठरवतात. या कडेचे मागचे टोक त्वचेवर खळीच्या रूपात दिसते, आणि बसल्यावर ज्यांवर सारे वजन येते ते खालचे दोन उंचवटे इस्कियमचे. कठीण बाकावर दहा मिनिटे बसले की त्यांची ओळख कोणी वेगळी करून द्यावी लागत नाही.

पायाची लांबी मोजताना टेप कमरेच्या त्याच पुढच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत लावतात. ही मोजणी सोपी वाटते, पण दोन्ही टोकांवर बोट नेमके खालून वर अडकवले नाही तर एक-दीड सेंटिमीटरचा खोटा फरक सहज येतो. विद्यार्थ्यांनी एकाच माणसाचा एकच पाय पाच वेळा मोजून पाच वेगळे आकडे आणलेले मी पाहिले आहेत, आणि सहाव्या वेळी, बोट नीट अडकवल्यावर, आकडे जुळायला लागलेलेही पाहिले आहेत.

फीमर हे शरीरातले सर्वांत लांब आणि सर्वांत मजबूत हाड, उंचीच्या साधारण एक-चतुर्थांश लांबीचे. प्रौढ माणसात त्याची मान हाडाच्या दांड्याशी सुमारे १२५ अंशांचा कोन करते, त्यामुळे दांडा सांध्यापासून बाहेर राहतो आणि बाहेरच्या मोठ्या उंचवट्याला, ग्रेटर ट्रोकँटरला, चिकटणाऱ्या स्नायूंना तरफेचा फायदा मिळतो. एका पायावर उभे राहिलो की हे स्नायू कमरेची दुसरी बाजू खाली पडू देत नाहीत. मी रुग्णाच्या मागे बसते, दोन्ही हात इलियमच्या कडांवर ठेवते आणि त्याला एक पाय उचलायला सांगते. उचललेल्या पायाकडची कड थोडी वर गेली तर ठीक. ती खाली घसरली तर दोष उचललेल्या पायात नसून ज्यावर तो उभा आहे त्या पायाच्या खुब्यात असतो. हे दरवेळी सांगूनही विद्यार्थी बाजू उलटी लिहितात, म्हणून मी त्यांना एकमेकांच्या कमरेवर हात ठेवून ते करायला लावते. वृद्ध माणूस पडला, उठता येत नाही आणि पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो, तेव्हा बहुधा याच हाडाची मान किंवा तिच्या खालचा भाग मोडलेला असतो. मानेच्या मोडीत डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही तुटू शकतात, म्हणून तिथे वेळ दवडून चालत नाही.

गुडघ्याची वाटी जन्माच्या वेळी कूर्चेची असते आणि तिच्यात हाड बनायला साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात सुरुवात होते. तिच्या खाली एक जाड पट्टा उतरत जाऊन नडगीच्या वरच्या टोकावरच्या उंचवट्याला चिकटतो. वाढत्या वयाची, खूप धावणारी मुले हाच उंचवटा दुखतो म्हणून येतात. ऑसगुड आणि श्लाटर या दोघांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. तिथून खाली टिबियाची, म्हणजे नडगीच्या हाडाची, धारदार कड आणि तिच्या आतला सपाट पृष्ठभाग घोट्यापर्यंत त्वचेखाली उघडा असतो. नडगीला मार लागल्यावर इतके दुखते ते हाडाच्या आवरणावर स्नायूंची गादी नसल्यामुळे, आणि हे हाड मोडल्यावर त्वचा फाडून बाहेर येण्याची भीती जास्त असते तीही त्यामुळेच. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात रक्तपुरवठा कमी असल्याने तिथली मोड जुळायलाही वेळ लागतो.

घोट्याचे दोन उंचवटे आपण रोज पाहतो, पण बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा अधिक खाली आणि जरा मागे असतो हे क्वचितच कोणाच्या लक्षात येते. बाहेरची ही भिंत लांब असल्यामुळे पाऊल बाहेर वळायला अडते आणि आत मात्र सहज वळते, म्हणून मुरगळतो तो बहुतेक वेळा आत. मुरगळलेल्या प्रत्येक घोट्याचा एक्स-रे काढायचा का, या प्रश्नाचे उत्तर कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये चक्क बोटांवर आणून ठेवले. दोन्ही उंचवट्यांची मागची कड आणि टोक, त्यांचा खालचा सहा सेंटिमीटरचा भाग, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर लागणारे, करंगळीच्या रेषेतल्या पाचव्या लांब हाडाचे मूळ आणि आतल्या बाजूचे नॅव्हिक्युलर हे हाड, एवढ्या जागा दाबून पाहायच्या आणि माणूस चार पावले टाकू शकतो का ते पाहायचे. कुठेही हाडावर दुखत नसेल आणि चार पावले पडत असतील, तर मोड असण्याची शक्यता फारच कमी असते. नियम हाडावर दाबण्याचा आहे, सुजेवर दाबण्याचा नाही, आणि इथेच पाठांतर कमी पडते. उंचवट्याच्या पुढच्या, सुजलेल्या भागावर दाबले तर जवळपास प्रत्येक मुरगळलेला घोटा दुखतो.

पावलात टॅलस नावाचे एक हाड आहे, त्याला एकही स्नायू चिकटत नाही. सगळ्या शरीराचे वजन त्याच्यावरून पुढे आणि मागे वाटले जाते, पण त्याला स्वतःहून हलवणारा कोणीच नाही. अस्थिबंध आणि शेजारची हाडे यांच्या आधारावर ते बसलेले असते. मला ते हाड नेहमीच विशेष प्रिय वाटत आले आहे.

फिब्युला मी मुद्दाम शेवटी ठेवले. ते शरीराचे फारसे वजन पेलत नाही, आणि म्हणूनच जबड्याचे किंवा दुसरे एखादे हाड नव्याने घडवायचे असेल तर त्याचा मधला तुकडा काढून घेता येतो. पण त्याच्या मानेला वळसा घालणारा तो मज्जातंतू, माझ्या बोटाखालून निसटलेली ती दोरी, पाऊल आणि बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंकडे जातो. घट्ट प्लास्टरची वरची कड त्यावर रुतली, किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा पाय दिवसभर बाहेरच्या बाजूला कलून गादीवर पडून राहिला, तरी तो चेपला जातो आणि पाऊल लोंबकळू लागते. मग चालताना प्रत्येक पावलाला गुडघा उंच उचलावा लागतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या खाटेजवळ गेले की माझा हात आधी त्याच्या गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला जातो. गाठ सापडते, तिच्या खाली बोटभर जागा मोकळी आहे ना ते मी पाहते, मांडीच्या बाहेरून एक गुंडाळलेला टॉवेल लावून पाय सरळ, बोटे छताकडे राहतील असा ठेवते, आणि मग म्हणते, “काका, अंगठा जरा वर उचला बघू.”